यानबूचा झोपलेला शार्क

आम्ही तांबड्या समुद्राकाठच्या यानबूला गेलो ते रागाने. माझा धाकटा भाऊ निखिल रियाधला, ओलाया भागातल्या एका कन्सल्टन्सीत होता. ऑफिसातच हृदय बंद पडून गेला. शोकसभेत त्याचे मॅनेजर म्हणाले, "तो आमचा शार्क होता. शार्क थांबला की मरतो. निखिल कधी थांबला नाही." मग सर्वात कमी रजा घेणाऱ्याला निखिलच्या नावाने 'शार्क पुरस्कार' द्यायचा म्हणून त्यांनी घरच्यांचा होकार मागितला.

निखिलची बायको मानसी रियाधच्याच भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती एवढंच म्हणाली, "ताई, चला, तुम्हाला खरा शार्क दाखवते." निखिल ही सहल दर हिवाळ्यात ठरवायचा आणि रद्द करायचा.

रियाधहून विमानानेच जा. गाडीने अख्खा दिवस रस्त्यात जातो. बोट चार-पाच जणांत घेतली तर परवडते. सुटण्याआधी तटरक्षक इकामा, म्हणजे रहिवासी परवाना, तपासतात, जवळ ठेवा. आमची बोट चालवणारे इम्तियाजभाई श्रीवर्धनचे निघाले.

"शार्क म्हणजे मुशीच ना? ती बघायला एवढा खर्च, बाई? आमच्या बाजारात या, कापून देतील!"

मानसी हसली. मला हसू येईना.

मास्क लावून पाण्यात उतरलो, तर प्रवाळाच्या कपारीखाली, वाळूवर एक तपकिरी शार्क पडून होता. हलत नव्हता. फक्त कल्ले उघडत-मिटत होते. वर आल्यावर मानसी म्हणाली, "हा तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो, म्हणून पडून राहू शकतो. काही जातींना श्वासासाठी पोहावंच लागतं, पण त्याही उगाच धावत नाहीत. बहुतेक शार्क थंड रक्ताचे. थोडं खाऊन बरेच दिवस काढतात. शिल्लक ताकद यकृतात तेल म्हणून साठवतात. जोर लावायचा तो शिकारीपुरता."

"ते तेल आम्ही होडीला चोपडायचो," इम्तियाजभाई म्हणाले.

"निखिलला सांगितलं होतंस हे?" मी विचारलं.

"सांगितलं ना. म्हणाला, तुझा शार्क सरकारी नोकरीत असेल."

मी पुन्हा पाण्यात उतरले. तो तसाच निवांत पडलेला. त्याला कुणी उठवत नव्हतं, कुणी शाबासकीही देत नव्हतं. मला इतका संताप आला की रडू फुटलं. मास्कमध्ये रडू नका, काही दिसत नाही.

संध्याकाळी मासळीबाजारात गेलो. तिथे आपण मासा निवडायचा, ते भाजून भातासोबत देतात. चव छान असावी. मानसीने दोघींचं संपवलं.

रियाधला परतल्यावर मॅनेजरांचा फोन आला.

"मॅडम, होकार समजू ना? सर्टिफिकेटं डिझाइन झालीयत."

"नाही. निखिलचं नाव देणार नाही."

"भावना समजतो, पण टीमला इन्स्पिरेशन..."

"टीम आत्ता कुठे आहे?"

"ऑफिसात. जरा डेडलाइन आहे."

"अंधार पडलाय. घरी सोडा त्यांना."

"एचआरशी बोलून बघतो."

मी फोन ठेवला. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पुरस्कार ते देतीलच, दुसरं काही नाव शोधतील. माझ्या भावाचं नाव त्यांना मिळालेलं नाही.