कुंकू लावलेली करवत

दिवस दसऱ्याचा. रक्कम अठराशे रुपये. हजर मी, बायको आणि सासरे. ठिकाण तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी.

सासऱ्यांच्या आरामखुर्चीचा उजवा हात मोडला होता. नवा करायला नारायणगुड्याच्या सुताराने अठराशे सांगितले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे त्या हातावर भार देऊनच उठत. आता उठायचं तर मुलीला हाक मारावी लागे, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या या माणसाला नेमकं तेच सहन होत नव्हतं. तहान लागली तरी ते बसून राहत.

"सुतार कशाला? माझा बँडसॉ आहे. वाचलेले अठराशे तुझे," असं मी बायकोला सांगून टाकलं. बँडसॉ, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याची करवत, चोवीस हजारांचा होता, हा आकडा तेव्हा हिशेबात घेतला नाही.

जुन्या पलंगाची सागवानी फळी एकच उरली होती. तिच्यातून खुर्चीचा एक हात निघत होता, वर बोटभर लाकूड.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दोन चाकांवरून फिरणारं ते दात्यांचं, पट्ट्यासारखं अखंड ब्लेड मी उतरवून पुसलं. बायकोने त्याच्या बाहेरच्या अंगाला हळदकुंकवाची बोटं लावली. मग पाटावर मावावं म्हणून मी ते वेढे घालून दुमडलं आणि दसऱ्याच्या सकाळी उलगडून पुन्हा चढवलं.

फळी लावली. लाकूड कापलं जाईना, जळायला लागलं. मी माहितीपुस्तक उघडलं. ताण कमी पडत असेल म्हणून वाढवला. ब्लेडला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे ठोकळे पुन्हा जुळवले. फळी हळू ढकलली. धूर वाढला.

"जावईबापू," आतून सासरे म्हणाले, "लकडी काटरैं के जलारैं? होळीला वेळ आहे अजून."

"ब्लेड बोथट झालंय, बाबा."

"परवा तर लोण्यासारखं कापत होतं म्हणालात. पूजेने बोथट झालं?"

बोटभर जास्तीच्या लाकडातलं निम्मं काळं झालं होतं. आणखी एक चूक झाली असती, तर खुर्चीला हात मिळाला नसता. मी मशीन बंद करून झाकण उघडलं. बायको वाकून बघत होती.

"अहो, चाकाचं रबर लाल कशाने झालं? मी कुंकू बाहेरून लावलं होतं. ते आत कसं गेलं?"

उलगडताना ब्लेडची आतली बाजू बाहेर आली होती. दाते समोरच होते, म्हणून मला काही खटकलं नाही; पण त्यांची टोकं खाली असायला हवीत ती वर होती. माहितीपुस्तकात हे कारण सगळ्यात पहिलं दिलेलं आहे. असली चूक कोण करतं, म्हणून मी तेवढं वाचायचं सोडलं होतं.

तापून ते ब्लेड वायाच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी कोठीच्या बाजारातून नवं आणलं, टोकं खाली आहेत हे बायकोकडून तपासून घेतलं, आणि फळी सरळ कापली गेली. खुर्चीच्या हाताच्या खालच्या बाजूला काळा डाग राहिला आहे.

सासरे बसले. डागाला बोट लावून पाहिलं. मग हातावर भार देऊन उठले आणि एकटे स्वयंपाकघरात गेले.

"पाणी पिताय का कुणी?" त्यांनी तिकडून विचारलं.

शेवटी दिलेले पैसे असे: साडेसहाशे कोठीच्या ब्लेडवाल्याला, आणि वाचलेले अठराशे, रोख, बायकोला.