आण्णांची लाल दोरी

आण्णा पुरात गेले नाहीत.

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर 'पुराशी झुंजताना वीरमरण' असं फिरतंय, म्हणून लिहितोय. माणूस मागच्या वर्षी याच दिवशी घरी, सोप्यात बसून चहा पिताना गेला. हार्ट अटॅक.

पाण्यात कुणी मरू नये यासाठी तर त्यांनी आम्हाला इतक्या शिव्या घातल्या. निदान तेवढं तरी त्यांच्या नावावर राहू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आण्णा म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या गावातले रिटायर्ड सुभेदार. आर्मीत बोटी चालवलेल्या. मोठ्या पुरानंतर गावाला बोट आणि तिचं इंजिन मिळालं, तेव्हा आमची टीम त्यांनीच तयार केली. त्यांचे नियम ठरलेले.

इंजिन वापरून झालं की स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्ये उभं करून चालवायचं, आतला गाळ निघेपर्यंत.
जुनं पेट्रोल आत ठेवायचं नाही.
माणसाला बोटीत ओढून घेताना इंजिन बंद, म्हणजे पाण्याखालचा पंखा थांबतो. "पंखा पावणा-रावळा बघत न्हाई," म्हणायचे.

आणि ती लाल दोरी.

एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. आम्हाला ती कटकट वाटायची.

मग एका पुरात शाळेमागं बोट पाण्याखालच्या कंपाउंडला धडकली आणि हँडल धरलेले आण्णा थेट पाण्यात. इंजिन गप्प. नाहीतर बोट गरकन फिरून त्यांच्याच अंगावर आली असती.

आम्ही त्यांना वर ओढलं. तोंडातलं गढूळ पाणी थुंकून पहिलं वाक्य काय, तर "आता कळलं का रं, दोरी कशाला असती?"

आज सकाळी घाटावर कार्यक्रम होता. बॅनर, त्यावर 'जलवीर', स्पीकर. बोटीतून पात्रात जाऊन फुलं वाहायचं ठरलेलं.

इंजिनाला हार, हळदकुंकू, वरून नारळाचं पाणी. वर्षभरात एकदा तरी सुरू करून बघितलं का, म्हणून टीममधल्यांना विचारलं.
"खंडेनवमीला पूजा केली की."

बरं, दोरी कुठाय?

दोरी आण्णांच्या फोटोला. हारासारखी घातलेली. "आठवण हाय त्यांची," म्हणे. आणि स्विचला क्लिपच्या जागी सुतळी गुंडाळलेली. म्हणजे चालवणारा पडला तरी इंजिन आपलं चालूच.

मी दोरी काढायला गेलो तर टीममधल्याच एकानं हात धरला. "गड्या, श्रद्धेचा विषय हाय. आजच्या दिवशी तरी नगं."

माझं डोकंच फिरलं. आज नाही तर कधी? धरणाचे दरवाजे उघडल्यावर?

तेवढ्यात काकू उठल्या. आण्णांच्या पत्नी. ते गेल्यापासून चारचौघात बोलताना मी त्यांना बघितलंच नव्हतं.

"काढ रं ती. फोटू काय बुडतोय व्हय?"

माझा धरलेला हात सुटला.

मी दोरी काढली. सुतळी कापली, क्लिप बसवली. इंजिन सुरूच झालं नाही. होणार कसं? वर्षभराचं पेट्रोल आत तसंच. शेवटी फुलं काठावरूनच वाहिली.

आण्णा, लय राग आलाय. तुमचा आवाज थांबला आणि आम्ही सगळं विसरलो. विसरलो ते विसरलो, वर त्याला हार घातला. तुम्ही असता तर आज सगळ्यांसमोर एकेकाची काढली असती, आणि आज मला तेच हवं होतं.

दुपारभर बॅरलपाशी बसून कार्बोरेटर साफ केला. सकाळी हात धरणारा पण होता सोबत. पाणी आणून ओतत राहिला.

आता सुरू झालंय. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट येतेय.

इंजिन बॅरलमध्येच आहे. तरी दोरी मनगटाला आहे, आण्णा.

फोटोला नुसता हार ठेवलाय.

राम राम, सुभेदार.