बिनढोलकीचं कडवं

राहुरीला आमच्या पिठाच्या गिरणीवरच्या बाईंना एकच गायक चालतो. तो गाणी स्वतः लिहितो आणि प्रत्येक गाण्यात एक गोष्ट सांगतो. गिरणीच्या घरघरीत त्यांच्या मोबाईलवरचं गाणं कुणालाच ऐकू येत नाही, पण बाईंचे पिठाळलेले ओठ बरोबर त्याच्या शब्दांवर हलत असतात.

"शेवटच्या कडव्याला त्यो ढोलकी थांबवतो," त्या एकदा मला म्हणाल्या. "खरं बोलायचं तर गोंगाट कशाला पायजे?"

परवा दळणाच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू सुनेच्या कानाशी तोंड नेऊन सारखी बोलत होती. चेहरा हसरा. गिरणीत मोठ्यानेच बोलावं लागतं, तरी आम्हाला एक शब्द कळत नव्हता. सुनेची मान मात्र खाली खाली चालली होती.

बाईंचे ओठ थांबले. त्यांनी एकाएकी खटका पाडला. घरघर बसली आणि सासूचं वाक्य सगळ्या रांगेला स्वच्छ ऐकू आलं.

"...मेलीस तर सुटू आमी."

बाईंनी पदराला हात पुसले.

"बोला की मावशी, आता समद्यांना ऐकू येतंय."