नेल्डाचे बावीस दगड

मर्ल स्टकीच्या परसात पाच थर्मामीटर होते आणि पाचही वेगवेगळं सांगायचे. ओसरीवरचा म्हणे चाळीस, कुंपणावरचा छत्तीस, ओढ्याकाठचा तेहतीस. भिंतीवरचा तर दोन वर्षं पन्नासावरून हलला नव्हता, पण मर्ल तोही रोज वाचायचा. पाचवा त्याने मुद्दाम नवा आणला होता, चौघांतला खरा कोण ते ठरवायला. त्याने भलताच आकडा दाखवला. फॅरनहाइटच्या बत्तीसला पाणी गोठतं हे आमच्या डोंगरात कुणालाही ठाऊक असतं, पण परसात आत्ता किती आहे हे मर्लला त्या सबंध ऑक्टोबरात कळलं नाही.

मी त्याची शेजारीण, डार्ला. शाळेची बस चालवते. हा माणूस चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळे. अशा माणसाला पाच-सहा झाडांपुढे बावचळलेला बघून मला आधी हसू यायचं, मग संताप यायचा.

झाडं गांजाची. घरामागे सहा लावायला कायद्याची हरकत नाही, आमच्याकडे लोक टोमॅटोशेजारी लावतात. पण ही मर्लची नव्हतीच. त्याच्या बायकोची, नेल्डाची होती. तिने तीस वर्षं एकच वाण जपला होता. बुटकं झाड, काळपट हिरवं पान, बोटांत चोळलं की संत्र्याच्या सालीचा वास. दर वर्षी एका झाडावर बी धरायची आणि काचेच्या बरणीत भरून ठेवायची. मर्लचं काम पाणी घालायचं आणि कुंपण दुरुस्त करायचं. तो स्वतः ओढायचाही नाही, खोकला येतो म्हणायचा.

मेमध्ये नेल्डा गेली. जाण्याआधी तिने सहा रोपं लावून ठेवली होती. जूनमध्ये मर्लने ती बरणी सहज काढून बघितली, परत ठेवली आणि झाकण नीट लावलं नाही. उंदरांनी एक बी शिल्लक ठेवली नाही.

आता वाण उरला तो त्या सहा झाडांतच. त्यातलं एक नर निघालं. त्याचे पराग मर्लने कागदात धरले, रंगाच्या ब्रशने फाटकाजवळच्या झाडाला लावले, नर उपटला आणि फाटकाजवळच्या झाडाला खूण म्हणून लाल लोकर बांधली. बी पिकायला ऑक्टोबरचा मध्य उजाडणार होता, आणि आमच्याकडे दव गोठतं महिन्याच्या सुरुवातीलाच. कच्ची बी उगवत नाही. ते झाड गेलं की वाण गेला, आणि नेल्डाच्या हातचं शेवटचं जिवंत काही गेलं. हे मला सांगताना मर्ल माझ्याकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता.

तो क्लेटनच्या दुकानात सल्ला मागायला गेला, मीही सोबत होते, आणि तिथेच पहिली चूक झाली.

"आजच कापून टाक," क्लेटन म्हणाला. "ओढण्यापुरती बोंडं झालीत की तयार."

"बोंडं गेली खड्ड्यात. मला बी हवी आहे."

"मग संध्याकाळी भरपूर पाणी घाल. ओली माती ऊब धरते."

"अजिबात नको!" रोझॅन फळीआडून ओरडली. ती क्लेटनची बायको, नवऱ्याचं वाक्य कधी सरळ जाऊ द्यायची नाही. "मुळं गारठतील. नाताळचे दिवे लाव, जुने, तापतात ते."

"आणि गवत पेटलं तर तू येशील विझवायला?" क्लेटन म्हणाला.

"चादरी घाल रे," मी म्हणाले. "नेल्डा चादरीच घालायची."

"ते माहीत आहे," मर्ल म्हणाला. "पण कशी घालायची?"

"कशी म्हणजे? चादर कशी घालतात? वरून!"

सगळे हसले. मर्लने खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं लिहून घेतलं. पाणी घाल, पाणी घालू नकोस, दिवे, चादर वरून. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझाही सल्ला त्या चिंध्यांतलाच होता, हे मला तेव्हा समजलं नाही.

पाच तारखेला रेडिओने कडाक्याची थंडी सांगितली. दिवस मावळायच्या आत मी मदतीला गेले. मर्लने चादरी घातल्या त्या गिरणीतल्या माणसाच्या नेटकेपणाने. चादर वरून सोडायची, खाली बुंध्याशी गोळा करायची, दोरीने आवळून गाठ मारायची. लाल लोकरीच्या झाडाला दोन लोकरी ब्लँकेटं, वर चादर, आणि गाठ सगळ्यांत घट्ट. तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसं त्याने ते गुंडाळलं. दोरीचं टोक मीच धरलं होतं. शेवटच्या झाडापर्यंत दोरी संपली आणि चादरीही संपल्या. घरात एक लांबरुंद टेबलक्लॉथ होता. तो नुसता टाकला तर सगळीकडून जमिनीला टेकला. वाऱ्याने उडू नये म्हणून मर्लने काठावर चार ओंडके ठेवले.

"हे जाणार," तो म्हणाला. "बिचारं उघडंच राहिलं म्हणायचं."

सकाळी बस थांबवून मी आत गेले. शाळेला दहा मिनिटं उशीर झाला, त्याचं मी नंतर ऐकून घेतलं. मर्ल चादरी सोडत होता. आवळून बांधलेली चारही झाडं काळवंडली होती. लाल लोकरीच्या झाडाचा शेंडा शिजलेल्या पालकासारखा लोंबत होता. आणि टेबलक्लॉथखालचं झाड ठणठणीत, पानही न मुडपलेलं.

मर्ल या झाडाकडून त्या झाडाकडे जाई, परत येई.

"जाड पांघरलं ते गारठलं. पातळ पांघरलं ते वाचलं. डार्ला, हे कसं गं?"

"मला काय विचारतोस?"

"थर्मामीटर बघू का?"

"बघ! भिंतीवरचा अजून पन्नासच सांगत असेल!"

तो खरोखर बघायला गेला. मी चिडून टेबलक्लॉथ उचलला आणि खाली हात घातला. माती कोमट होती. मग ब्लँकेटवाल्या झाडाच्या बुंध्याशी हात लावला. तिथलं गवत पांढरं, कडक.

"मर्ल, इकडे ये. अरे, झाडाच्या अंगात ऊब नसते. ऊब जमिनीची. ती खालून वर येत होती, आणि आपण दोघांनी दोरीने तिची वाट बांधून टाकली."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. आणि मला आठवलं.

"नेल्डा चादर जमिनीपर्यंत सोडायची. काठावर दगड ठेवायची. ते चपटे दगड नव्हते का, कुंपणाशी रांगेत? कुठे आहेत ते?"

मर्ल टेबलक्लॉथची घडी घालू लागला.

"कुठे टाकलेस, मर्ल?"

त्याने नासपतीच्या झाडाकडे बोट केलं. त्याच्या मुळाशी नेल्डाची राख पुरली होती आणि भोवती बावीस चपट्या दगडांचं कडं होतं.

"मला वाटलं, तिला आवडतात," तो म्हणाला. "तीस वर्षं एकेक आणून ठेवायची. कशाला, ते मी कधी विचारलं नाही. म्हटलं, एवढे जपते तर सोबत असू देत."

माझी जीभ तिखट म्हणून गावात प्रसिद्ध आहे. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "ओढ्यात ढीगभर पडलेत. तिथून आण."

त्याने आणले. सगळे गोल. कापडाचा काठ जरा हलला की घरंगळून जायचे. संध्याकाळी लाल लोकरीचं झाड समोर उभं होतं, शेंडा मेलेला, पण खालच्या दोन फांद्या अजून हिरव्या. मर्ल नासपतीशी जाऊन गुडघे टेकून बसला. एका दगडावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"घेऊ का गं?"

हे त्याने मला विचारलं की तिला, ते मला अजून कळलेलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने पहिला दगड उचलला.

दहा दिवस हेच. संध्याकाळी दगड झाडाशी, सकाळी परत नासपतीशी. मी म्हणाले, एवढी उरस्फोड कशाला? राहू देत की झाडापाशी.

"दिवसा त्याला लागत नाहीत ना," तो म्हणाला.

पण कोणता दगड कुठे होता हे त्याला आठवायचं नाही. कडं मांडून झालं की तो उभा राहायचा, एक उचलून दुसरीकडे ठेवायचा, पुन्हा उभा राहायचा. बसमधून मला रोज दिसायचं. मी हॉर्न वाजवायची सोडून दिली.

सोळा तारखेला तो माझ्या दारात आला. हातात तीच बरणी. तळाशी चौदा बिया, तपकिरी, वर रेघा.

"झाकण तू लाव," तो म्हणाला. "मी लावलं की मला आठवत नाही, लावलं की नाही."

मी आवळून लावलं. त्याने अंगठ्याने चाचपलं.

"लागलं ना?"

"लागलं."

फाटकापर्यंत जाऊन तो परत आला.

"लागलं ना, डार्ला?"

"लागलं रे," मी म्हणाले, आणि त्याच्यादेखत पुन्हा एकदा आवळलं.