हौसाच्या घराची पाहणी

पाखरांच्या वाट्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या, की आक्कासाहेब इंगवले आपल्या खोलीतल्या आरामखुर्चीत पाठ टेकतात. त्या झोपतात असे मात्र कोणी म्हणू नये. 'डोळे मिटून विचार करते' असा त्यांचा शब्द आहे, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंचा शब्द खोडून काढण्याची छाती आजऱ्याच्या त्या आवारात अजून कोणाला झालेली नाही.

हे आवार एके काळी काजूच्या कारखान्याचे होते. आता तिथे 'शुकनिवास' आहे. हौसेने आणलेले आणि हौस फिटल्यावर टाकून दिलेले परदेशी पोपट इथे येतात, पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत राहतात, तपासले जातात, सूर्यफुलाच्या बियांची चटक सोडून भाज्या खायला शिकतात, आणि मग त्यांच्यासाठी घर शोधले जाते. घर शोधण्याची रीत आक्कासाहेबांची. एकतीस कलमांचा पाहणीचा कागद त्यांनी स्वतः बसून लिहिला आहे, आणि त्या कागदाने भल्याभल्यांना दारातून परत पाठवले आहे.

आज त्यांच्या मांडीवर एक अर्ज आहे. निपाणीची शर्वाणी कुलगुडे, वय चौतीस, धंद्याने फिजिओथेरपिस्ट, 'जमादार' नावाचा राखाडी पोपट मागते आहे. यापूर्वी जमादारला अकरा जणांनी मागितले, आणि अकराही जणांनी पहिला प्रश्न 'बोलतो का?' असा केला. तो बोलत नाही. आक्कासाहेबांनी अकराही अर्ज फेटाळले. शर्वाणीने मात्र 'तो कशाला भितो?' एवढेच विचारले होते. तिचे घर पाहून झाले, तिसरी भेटही झाली, खोट सापडली नाही. तरीही निकालाची चौकट तीन आठवडे कोरी आहे. आज पाच वाजता ती निकाल ऐकायला येणार आहे, आणि जमादार आक्कासाहेबांच्या उशाशी, आपल्या दांडीवर, एक पाय पोटात घेऊन बसला आहे.

शेडमधला कलकलाट दूर जाऊ लागतो. पंख्याविना ठेवलेल्या त्या खोलीत ऊब दाटते, चष्मा नाकावर घसरतो, आणि कोणीतरी म्हणते,

"आक्का, एक कोरा अर्ज द्या."

डोळे उघडण्याची गरज नाही. हा आवाज धाकट्या जावेचा, हौसाचा. शुकनिवास दोघींनी मिळून उभे केले. चार वर्षांपूर्वी हौसा गेली.

"चार वर्षांनी येतेस, ती चपला घालून आत येतेस?"

"माझ्या पायात चपला हैत कुठं? तुम्हीच काढून ठेवल्या होत्या."

आक्कासाहेब पाहतात. खरेच, पाय अनवाणी आहेत. पदर खोचलेला, कपाळावर घाम. जणू आत्ताच पिंजरे घासून आली आहे.

"अर्ज कशाला?"

"जमादारला मागायला आलेय. तिकडं एकटीला करमत नाही."

"करमत नाही म्हणून पोपट मागणाऱ्यांना आपण काय सांगतो?"

"रेडिओ घ्या म्हणतो."

"मग?"

"तिकडं रेडिओ लागत नाही, आक्का."

आक्कासाहेबांना हसू येते; ते त्या ओठांत दाबतात. "घर पाहिल्याशिवाय पाखरू मिळत नाही. जाऊ म्हणून सूट नाही."

"सूट मागतंय कोण? निम्मे नियम मीच सुचवले हैत."

"सुचवलेस. लिहिले मी."

त्या उठतात. गुडघे कुरकुरत नाहीत. दाराबाहेर पिंजऱ्यांची शेड असायला हवी. पण तिथे गडहिंग्लजचे एस.टी. स्टँड आहे, स्वच्छ धुतलेले, आणि बाकांच्या जागी कडुनिंबाच्या दांड्या बसवलेल्या आहेत. घोषणांचा कर्णा बोलतो आहे.

"फलाट क्रमांक तीन. सांगलीचा काकाकुवा मोती. नव्या घरी नऊ वर्षे. वजन पाचशे नव्वद ग्रॅम."

"पाचशे ब्याण्णव," आक्कासाहेब चालता चालता दुरुस्त करतात.

"पाचशे ब्याण्णव," कर्णा निमूटपणे म्हणतो. "फलाट क्रमांक चार. बेळगावची मकाव राणी. उपटलेली पिसे पूर्ण आली."

गाड्यांच्या खिडक्याखिडक्यांतून पाखरे बाहेर पाहतात. लाल, पिवळी, पांढरी, एकाचीही छाती उघडी नाही, एकाचीही चोच वाढलेली नाही. शुकनिवासाने आजवर घर मिळवून दिलेली दोनशे बारा पाखरे. आक्कासाहेबांची मान आपोआप ताठ होते. सैन्याची पाहणी करणाऱ्या सेनापतीसारख्या त्या फलाटावरून चालतात, आणि प्रत्येक गाडीपाशी क्षणभर थांबतात.

"परत आलेली, चार," कर्णा आवाज उतरवून म्हणतो.

"त्या चौघांना दुसऱ्यांदा घर मिळाले, तेही सांग!" आक्कासाहेब कडाडतात. "अर्धी गोष्ट सांगायची असेल तर तोंड बंद ठेव."

"कर्ण्यालाबी सोडत नाही तुम्ही," हौसा म्हणते आणि चौकशीच्या खिडकीशेजारचे दार ढकलते. "या. हे माझं घर."

घर पांढरे आहे, नीटनेटके. भिंतींना कोपरे नाहीत. आक्कासाहेबांच्या हातात कागद आणि लाल पेन आहे. त्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवतात. धूळ नाही.

"पंखा?"

"वाराच नाही, पंखा कशाला?"

"नॉनस्टिक तवा?" तव्याच्या वाफेने पोपट घटकाभरात जातो, या कलमावर त्यांनी कितीतरी स्वयंपाकघरे नापास केली आहेत.

"चूल नाही, तर तवा कुठला?"

"उदबत्ती, कापूर?"

"ते सगळं तुम्ही खाली जाळता. धूर इथवर येत नाही."

"मांजर?"

"आहे एक. मेलेलं आहे. कुणाला काही करत नाही."

आक्कासाहेब बरोबरची खूण करतात. एकेका कलमापुढे खूण उमटत जाते, आणि एकेका खुणेबरोबर त्यांच्या हाताची बोटे गार पडत जातात.

"घरात माणूस किती वेळ असते?"

"कायम."

"वय?"

"एकाहत्तर. तिथंच थांबलंय. पण आता मला मरण नाही, आक्का. पोपटाचं उरलेलं आयुष्य मोठं, का माणसाचं, अशी वजाबाकी तुम्ही सगळ्यांना करायला लावता ना? जमादार साठ वर्षं जगू दे, नाहीतर शंभर जगू दे. ह्या वजाबाकीत मी पास."

हे खरे आहे. तीस कलमे झाली आहेत, आणि तीसही खुणा बरोबरच्या आहेत. सगळ्या कलमांना उतरलेल्या घराला आक्कासाहेबांनी आजवर कधी नाही म्हटलेले नाही. मग शर्वाणीच्या घराचे काय, असा विचार मनात येतो. त्या तो बाजूला सारतात.

खोलीच्या मधोमध दांडी आहे, आणि दांडीवर जमादार बसला आहे. केव्हा आला कोण जाणे. राखाडी अंग, लाल शेपूट, पिवळा डोळा. एक पीसही हलत नाही.

"शेवटचे कलम," आक्कासाहेब म्हणतात. "काटा आण."

शुकनिवासातले प्रत्येक पाखरू रोज सकाळी काट्यावर चढते. आजार लपवण्यात पोपटाचा हात कोणी धरू शकत नाही. पण वजन लपत नाही. जमादार शहाण्यासारखा काट्यावर पाऊल ठेवतो. काटा शून्य दाखवतो. त्या त्याला उतरवतात, पुन्हा चढवतात. शून्य.

"हौसा, ह्याचे वजन भरत नाही."

"इथं कुणाचंच भरत नाही."

आक्कासाहेब कागद टेबलावर ठेवतात आणि खाली, ठसठशीत अक्षरांत, 'नामंजूर' असे लिहितात.

हौसा रागावत नाही. उलट तिचा चेहरा फुलतो. "मला ठाऊक होतं."

"मग मला एवढे चालवलेस कशाला?"

"तुम्हाला काम करताना बघायला. देवाच्या दारातबी काटा मागणारी बाई आमच्याच घरात होती! डोळ्यांचं पारणं फिटलं बघा." मग ती टेबलावरचा कागद उचलते, उलटा करते, आणि तो पुन्हा कोरा असतो. "आता ह्याच कागदावर तुमची खोली."

आणि त्या आपल्या खोलीतच आहेत. आरामखुर्ची, पितळी तांब्या, दांडी. मात्र खुर्चीत हौसा बसली आहे, आणि आक्कासाहेब तिच्यासमोर, अर्जदारांच्या स्टुलावर. या स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे त्यांना आज प्रथमच कळते.

"पाखराचं वजन?"

"चारशे चौतीस ग्रॅम. आज सकाळचे."

"पिसं?"

"तू गेलीस तेव्हा छाती सगळी उपटून काढली होती त्याने. आज बघ." त्या मान वर करतात. "एक जागा रिकामी नाही."

"बघितली. देशात कुणाला जमलं नसतं. वय?"

"त्याचे बावीस."

"त्याचं नाही विचारलं."

बाहेर कुठेतरी एक पोपट शीळ घालतो आणि थांबतो.

"अठ्ठ्याहत्तर," आक्कासाहेब म्हणतात.

"ते रिटायर कर्नल आले होते, त्यांना किती वर्षांवरून परत पाठवलंत?"

"त्रेसष्ट."

"रडले होते."

"मी पाणी दिले होते."

"पाणी दिलंत, पाखरू नाही दिलंत. रजिस्टरात जमादारपुढं काय लिहिलंय?"

"तात्पुरता मुक्काम."

"किती वर्षांचा?"

"सहा."

हौसा लाल पेन त्यांच्यासमोर धरते. आयुष्यात आक्कासाहेबांनी कोणाकडे गयावया केली नाही. सासऱ्यांसमोर नाही, कचेरीत नाही, यजमान गेले तेव्हा देवासमोरही नाही. आता ओठांवर काहीतरी येते, 'एवढा एक' असे काहीतरी. त्या ते गिळतात, स्टुलावर ताठ होतात, आणि अर्जदारांना ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात म्हणतात,

"नापास. त्या कर्नलना मी नियम सांगितला, तो खरा होता. माझ्या खोलीत शिरला म्हणून तो खोटा होत नाही."

"शाबास," हौसा हळूच म्हणते.

"शाबासकी देऊ नकोस, धाकटी आहेस. त्या निपाणीच्या पोरीत तुला काही खोट दिसली का, ते सांग."

"दिसली एक. जमादारला 'तुम्ही' म्हणते."

"ती खोट नव्हे."

"मग नाही."

हौसा ओटीतून एक हिरवी मिरची काढते. "जाताना हातानं भरवा त्याला. सहा वर्षं वजन केलंत, पिसं मोजलीत. पण खाणं सदा वाटीत टाकलंत."

"पाखरांना माझी सवय लागू नये म्हणून. त्यांना दुसऱ्या घरी जायचे असते."

"आता जायचंच आहे ना?"

आक्कासाहेब नखाने मिरची उभी चिरतात. जमादार पुढे सरकतो. एकेक बी तो त्यांच्या बोटांवरून उचलतो. त्याची जीभ कोरडी आहे, जाड आहे, आणि आश्चर्य वाटावे इतकी जपून वागणारी आहे. आक्कासाहेब मोजत नाहीत. मिरची संपते तरी बोट मागे घेत नाहीत. वर पाहतात तेव्हा खुर्ची रिकामी असते, आणि खिडकीतून मोटारीचे दार लागल्याचा आवाज येतो.

तो आवाज खरा आहे. उन्हे तिरपी झाली आहेत. पाचला पाच मिनिटे आहेत, आणि आक्कासाहेब आपल्या खुर्चीत आहेत. जमादार दांडीवर बसून चोच दांडीला घासतो आहे.

त्या मांडीवरचा अर्ज सरळ करतात. निकालाच्या चौकटीत 'मंजूर' लिहितात, खाली पूर्ण नावाची सही करतात, तारीख घालतात. मग चष्मा काढून डोळे पुसतात, आणि डोळ्यांत आग उठते. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

दारात शर्वाणी उभी आहे. ती घाबरते. "आक्कासाहेब! काय झालं? माझ्यामुळं… मी नंतर येऊ का?"

"काही झालेले नाही. मिरचीचा हात लागला."

"पाणी आणते."

"पाण्याने वाढते. बैस. स्टूल डुगडुगते, सांभाळून." त्या अर्ज पुढे करतात. शर्वाणी वाचते आणि तोंडावर हात ठेवते. "रडायचे असेल तर घरी गेल्यावर रड. आता लिहून घे. छत्री त्याच्यासमोर उघडायची नाही, तिलाच तो भितो. रोज सकाळी वजन. पंधरा ग्रॅम कमी दिसले तर डॉक्टर, वीस दिसले तर मला फोन. आणि 'तुम्ही' म्हणतेस, ते तसेच चालू ठेव. त्याला मान कळतो."

शर्वाणी भराभर लिहिते. आक्कासाहेब वाहत्या डोळ्यांनी, आवाजात तसूभर फरक न पडू देता, एकतीसही कलमे सांगतात. आज सकाळी पाखरांना दुधी होता आणि कोवळ्या शेंगा होत्या. आठवडाभरात शुकनिवासात मिरची आलेली नाही. सांगता सांगता त्या उजवा हात उजेडात धरतात. अंगठ्याच्या नखात एक चपटी, पिवळसर बी अडकलेली आहे, आणि ती अजून ओली आहे.