शिमग्याची रजा

गाव सोडलं त्या सकाळी जीपवाला आम्हाला बघूनसुद्धा थांबला नाही. शाळेत माझ्याच वर्गात होता तो! मग बॅग डोक्यावर घेऊन बाबा पुढे आणि मी मागे, पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. गाडी लागली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "लिवलंस ते वाईट नाय. पण आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

लिहिलं काय होतं, तर गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, एका घराला वाळीत टाकलंय, दुकानात त्यांना मीठसुद्धा मिळत नाही. महाडच्या एका छोट्या पेपरात माझ्या नावाने छापून आलं. आठवड्याभरात गावकीने ते घर परत घेतलं आणि आमचं वाळीत टाकलं. त्या घरच्या काकूही आईशी बोलेनाशा झाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्याच!

आता पुण्यात राहते. मानवी हक्कांचं काम, रिपोर्ट, वर्कशॉप, सतत फिरती. बायकांना समोर बसवून सांगते, वाळीत टाकणं गुन्हा आहे, घाबरू नका, तक्रार करा. तेच तेच बोलून दमलेय हो मी.

तुम्ही गाव सोडलेली मंडळी विचारता, शिमग्याला चाललीस का? दरवर्षी जायचे. देवीची पालखी घरोघर फिरते, आमचं दार सोडून. तरी आई अंगण सारवायची, ओटीचं ताट मांडून ठेवायची. ढोल पुढे गेले की दार लावून घ्यायची. बाबा गेल्यापासून त्या बंद दाराआड तिच्याजवळ बसायला मी रजा टाकायचे.

यंदा तिचा फोन आला. "पालखी येनार गो आपल्या दारात! गावकी बसली हुती." किती वर्षांनी तिचा असा आवाज ऐकला. मग म्हणाली, "फक्त तू यायचं नाय, असं ठरलंय. मी व्हय म्हटलं."

कायदा मला पाठ आहे. ही अट घालणंही गुन्हाच. दुसऱ्या कुणाची आई असती तर संध्याकाळच्या आत तक्रार लिहून दिली असती. मी म्हटलं, "बरं केलंस गो." आणि फोन ठेवून रडले. त्या काकूंवरचा राग कुठे गेला, कळलंच नाही.

रजेचा अर्ज मागे घेतला. उद्या अंगण सारवलेलं असेल, ताट मांडलेलं असेल, दार सताड उघडं असेल. माझं घर तेच. फक्त उद्या तिथे मी सोडून सगळे येतील.