कटफळला थांबलेली पत्र्याची गाडी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींना मी तोंडावर हसणारी बाई. इंदापूरची मुलगी, त्या काळातली मॅट्रिक पास... उतारे टाकणाऱ्या बायकांशी भर रस्त्यात वाद घालायचे. पण एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती एक सकाळ आठवली की अजून माझी बोलती बंद होते.

सासर बारामतीला, स्टेशनच्या मागच्या आळीत. सासरे – आम्ही सगळे तात्याच म्हणायचो – दौंड-बारामतीच्या छोट्या गाडीवर ड्रायव्हर. आधी इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन असताना त्यांनी पत्र्याचं एक इंजिन करायला घेतलं होतं. ड्यूटीच्या रगाड्यात ते तीस वर्षं ट्रंकेत पडून राहिलं, आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर निघालं. सोप्यात फळ्या मांडल्या, तेलाचे डबे कापून रूळ केले. त्यावर लाइनीवरची स्टेशनं – शिर्सुफळ, कटफळ, बारामती... कटफळच्या फलाटावरच्या लिंबाला पारसुद्धा बांधला. इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. काय हात होता हो त्या माणसाचा! मी पिठाचे हात तसेच ठेवून बघत बसायचे.

आणि हे सगळं मोतीबिंदूत. एक डोळा कामातून गेलेलाच होता. दुसऱ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं, पण डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. तात्यांचा एकच ध्यास – दिसतंय तोवर गाडी एकदा फिरताना बघायची. गाडी मात्र वीतभर सरकायची आणि थांबायची. पुढं एक दिवस आतून कट्‌ असा आवाज झाला, मग तेवढीही हलेना.

पुण्याला निघायचा दिवस, सकाळचे आठ. आमचे हे इंदापूरला नोकरीला, ते तिथून येऊन तात्यांना नेणार होते. मी पिशव्या भरत होते. तात्या फळ्यांशेजारी बसून बोटांनी रूळ चाचपत होते, ते एकाएकी हसायला लागले.

"पोरी, मीच येडा. हिला टोकन कुठं दिलंय कुणी?"

एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून टोकनचं कडं असतं. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, आणि पुढच्या स्टेशनवर ते देऊन दुसरं घ्यायचं. जन्मभर पाळलेला नियम खेळण्यात विसरलो म्हणून तात्या स्वतःलाच शिव्या घालत होते.

त्यांचं मन राखायचं म्हणून हातातली एक हिरवी बांगडी उतरवली आणि पोर्टर धरतो तशी त्यांच्यापुढं धरली. तात्यांनी ती घेतली, कपाळाला लावली.

आणि गाडी निघाली.

किल्ली कुणीच दिली नव्हती, पण त्या घटकेला मला ते सुचलंही नाही. शिर्सुफळहून सुटली, वळण घेतलं आणि कटफळच्या फलाटाला लागून थांबली. तात्यांनी बांगडी माझ्या हातात दिली, मी दुसरी काढून त्यांना दिली, तशी पुन्हा सुटली. बारामतीला येऊन उभी राहिली. तात्या जमिनीला गाल टेकवून एका डोळ्यानं बघत होते.

"बघितली," ते म्हणाले. "आता डोळं गेलं तरी चालंल."

तेवढ्यात हे आले. तात्यांना टांग्यात बसवलं आणि मी घाईघाईनं यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"अगं, तुटलेली स्प्रिंग मी गेल्या रविवारीच काढून नेली. घड्याळजीकडून ही नवीन आणलीय. आत काही नाहीच."

इंजिन उघडून दाखवलं. स्प्रिंगची डबी रिकामी होती.

ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. तात्यांना पुढं काहीच दिसलं नाही. त्यांचं मन रमावं म्हणून यांनी नवी स्प्रिंग बसवली. गाडी छान पळाली, एका दमात सगळी फेरी. तात्या कान लावून ऐकत होते.

"कटफळला थांबली न्हाय," ते म्हणाले. "काढ ती स्प्रिंग. ही आपली गाडी न्हाय."

यांनी ती लगेच काढली.

तात्या जाऊन कैक वर्षं झाली. इंजिन माझ्या कपाटात आहे, पोट रिकामंच. बांगड्याही आहेत त्याच्याशेजारी. तेव्हा काय घडलं याचं उत्तर माझ्यापाशी नाही, कुणी शास्त्र शिकलेल्यानं सांगितलं तर ऐकेन. पण खरं सांगू? त्या इंजिनापुढं पुन्हा बांगडी धरून बघायची छाती मला अजून झालेली नाही. नाही निघाली तर...